साहेबाच्या ओट्यांवरची हिरवी रेघ

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. गावात कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील, "ह्येच्यार बसान सायबान हेलियम शोधून काढल्यान." दरवर्षी १८ ऑगस्टला इथं हेलियम दिन साजरा होतो. शाळांची पोरं येतात, पाहुणे येतात, भाषणं होतात. देवगड तालुक्यात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आले. वर्गाला घेऊन पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेनं तिथं जाताना मला दर वेळी वाटतं, या ओट्यांची खरी गोष्ट सांगायची राहूनच जाते. जी सांगितली जाते, ती दुसऱ्याच एका ग्रहणाची. आणि जी राहते, ती कमी मोलाची मुळीच नाही.

ग्रहणं दोन आहेत. पहिलं १८ ऑगस्ट १८६८ चं. चंद्राची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आली, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा देश आडवा कापत गेली आणि पुढं सयामपर्यंत पोचली. गुंटूरला खग्रास अवस्था पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती. एवढा वेळ क्वचित मिळतो, म्हणून युरोपातून शास्त्रज्ञांची पथकं मुद्दाम इकडं आली. पण ऑगस्टच्या मध्यावर कोकणातलं आकाश कसं असतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांनी घाट ओलांडून पलीकडची गावं धरली. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, जमखंडीला होता. ढगांच्या फटीतून मिळाले तेवढे क्षण त्यानं साधले. गुंटूरला मेजर टेनंट होते. फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेनही गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला.

आणि ज्यांच्या नावानं आपले ओटे आहेत ते नॉर्मन लॉकयर? ते त्या दिवशी इंग्लंडात होते. युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा, असा त्यांचा क्रम. त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक अजून तयारच होत होता.

हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, मगे हय लिवलला खोटा काय?" मी म्हटलं, ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे. चुकलंय ते ग्रहण, आणि त्यामुळं शोधही. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, मग साहेबानं इथं बसून नेमकं केलं काय? मला याच प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी आधी वर्णपटाकडं जावं लागतं. सूर्यावर जाऊन मूठभर माती आणता येत नाही. पंधरा कोटी किलोमीटरवरून जे काही येतं तो उजेड. खगोलशास्त्रज्ञाचा सगळा कारभार त्या उजेडावर चालतो.

प्रयोगशाळेत मी स्पिरिटचा दिवा पेटवते आणि ज्योतीत चिमूटभर मीठ टाकते. निळसर ज्योत एकदम पिवळीधमक होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. आता ही ज्योत वर्णपटमापकाच्या अरुंद फटीसमोर धरायची. फटीतून आलेला उजेड लोलकातून वाकतो, रंगांत फाटतो, आणि दुर्बिणीत डोळा लावला की काळ्या पार्श्वभूमीवर अगदी जवळजवळ दोन पिवळ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे त्या फटीचीच दोन चित्रं, दोन वेगळ्या पिवळ्या रंगांतली. एकीची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसरीची ५८९.६. सोडियम देवगडचं असो नाहीतर लंडनचं, रेघा तिथंच पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या, दुसऱ्या कुणाच्या त्या नसतात.

सूर्याच्या वर्णपटात याच जागी दोन काळ्या रेघा आहेत. फ्राउनहोफरनं १८१४ मध्ये सूर्यप्रकाशातल्या अशा शेकडो काळ्या रेघांचा नकाशा केला आणि ठळक रेघांना अक्षरं दिली. या जोडीला आलं 'डी'. त्या काळ्या का, हे हायडलबर्गच्या किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ मध्ये उलगडलं. सूर्याच्या तापलेल्या पृष्ठभागावरून निघालेला उजेड त्यावरच्या तुलनेनं थंड वायूंतून बाहेर पडतो. जो वायू जो रंग देऊ शकतो, तोच रंग तो गिळूही शकतो. म्हणजे काळी रेघ दिसली की तो वायू सूर्यावर आहे. ग्रहण कोणत्या दिवशी, किती घटकांनी लागणार, हे आपल्या पंचांगकर्त्यांना गणितानं काढता येत होतंच. सूर्य कशाचा बनला आहे हे सांगायला मात्र ही रेघांची विद्या यावी लागली.

ग्रहण कशाला हवं, तर सूर्याच्या पृष्ठभागावरचा पातळ वायूचा थर आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वाला एरवी सूर्याच्या झगझगाटात बुडालेल्या असतात. चंद्रानं बिंब झाकलं की त्या उघड्या पडतात. १८६८ ला पहिल्यांदा या ज्वालांकडं वर्णपटदर्शक रोखले गेले. ठळक, चमकत्या रेघा दिसल्या. हर्शेलनं तीन नोंदवल्या, लाल, नारिंगी आणि निळी. म्हणजे ज्वाला वायूच्याच, हे त्याच दिवशी पक्कं झालं. लाल-निळी हायड्रोजनची. नारिंगी-पिवळी बहुतेकांनी सोडियमची 'डी' धरून सोडून दिली. ती बरोबर 'डी' च्या जागी बसत नाही, अशी शंका पॉगसननं नोंदवली, पण त्याच्या अहवालाकडं फारसं कुणी पाहिलं नाही. मद्रासच्या त्या माणसाबद्दल मला अजून हळहळ वाटते.

जान्सेनच्या लक्षात दुसरीच मोठी गोष्ट आली. रेघा इतक्या तेजस्वी आहेत की त्या पाहायला ग्रहणाची गरजच नसावी! दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या स्वच्छ उन्हात त्यानं सूर्याच्या कडेवर यंत्र रोखलं, तर रेघा तिथंच. लंडनला लॉकयरना स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली होती. यंत्र हाती आल्यावर २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनीही त्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत आली. अकादमीनं पुढं दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी कोरलेलं पदक पाडलं, ही मला त्या काळातली फार सुंदर गोष्ट वाटते.

पिवळ्या रेघेचा पिच्छा मात्र लॉकयरनी सोडला नाही. मोजता मोजता तिची जागा ठरली, ५८७.६ नॅनोमीटर. सोडियमच्या जोडीपासून जरा बाजूला. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंडना बरोबर घेऊन त्यांनी हायड्रोजनला नाना दाबांखाली ठेवून पाहिलं, ती रेघ काही उमटेना. मग हे नवंच मूलद्रव्य असलं पाहिजे, पृथ्वीवर न सापडलेलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. नुसत्या एका रेघेवर मूलद्रव्य मानायला पुष्कळ रसायनज्ञ राजी नव्हते. सत्तावीस वर्षं अशीच गेली. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅमझेंनी क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात टाकलं, निघालेला वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली, आणि तीच पिवळी रेघ समोर उभी राहिली. युरेनियमच्या किरणोत्सर्गातून हेलियम तयार होतो आणि खनिजात अडकून राहतो, हे नंतर कळलं. आज आपण जाणतो की विश्वातल्या नेहमीच्या द्रव्याचा वजनानं जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे.

म्हणजे हेलियमच्या शोधाची गावं गुंटूर, जमखंडी, मछलीपट्टण आणि लंडन. विजयदुर्ग त्यात नाही. लॉकयर १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठी भारतात आले, तेही केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर. विजयदुर्गाला त्यांचे पाय लागले १८९८ च्या जानेवारीत. तोवर ते 'सर' झाले होते, 'नेचर' या नियतकालिकाचे तीस वर्षांच्या घरातले संपादक होते, वय साठीच्या पुढं.

२२ जानेवारी १८९८. या सावलीची वाट तर जणू महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवून आखली होती. विजयदुर्गाला किनारा, मग सोलापूरकडचं जेऊर, वऱ्हाडातलं तळणी, पुलगाव, तिथून शहडोल, बक्सर. आणि प्रत्येक ठिकाणी माणसं दुर्बिणी लावून बसलेली. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. तळणीला ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांची संस्था, त्यात जॉन एव्हरशेड होते, जे पुढं कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथंच अ‍ॅनी माँडर या बाईंनी अगदी लहान भिंगाच्या कॅमेऱ्यानं सूर्याभोवतीच्या विरळ प्रभामंडलाचा, म्हणजे कोरोनाचा, इतका लांब झोत टिपला, की तोवर तेवढा लांब कुणी टिपला नव्हता. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, जपानचं पथक आलं होतं, आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवालांपाशी मला थोडं थांबायचंच आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या या पारशी तरुणाच्या प्रयोगशाळेसाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, सरकारनं तेवढीच भर घातली. नायगमवाला खरेदीसाठी इंग्लंडला गेले. तिथं लॉकयर वगैरेंनी सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, वर्णपटाची वेधशाळाच काढा. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात ती उभी राहिली, आणि तिथली परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. १८९८ ला नायगमवाला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन जेऊरला गेले, वेध घेतले आणि त्याचा सविस्तर अहवाल छापला. वर्ष कुठलं, तर दुष्काळ नुकता सरलेला, मुंबई-पुण्यात प्लेगनं घरं रिकामी होत होती. त्या दिवसांत पुण्याची पोरं माळावर दुर्बीण रोखून उभी होती. त्यांची गोष्ट पाठ्यपुस्तकात का नसावी?

लॉकयरनी विजयदुर्ग निवडला, त्यामागं सरळ हिशोब होता. सावलीच्या पट्ट्यातली ही जागा जानेवारीत कोरडी, स्वच्छ आकाशाची. वाघोटन खाडीच्या तोंडाचं बंदर युद्धनौकेला नांगर टाकण्याजोगं, आणि तटाच्या आत यंत्रं मांडायला मोकळी जमीन. 'मेल्पोमेनी' या नौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. दोन मिनिटांच्या थोडा वर वेळ मिळणार, तेवढ्यात कॅमेऱ्यातली छायाचित्राची काच बदलायची, झाकण उघडायचं, मिटायचं. म्हणून आधी तालमीवर तालमी झाल्या. कुणी सेकंद ओरडायचे, कुणी प्रभामंडलाचं चित्र काढायचं, कुणी सावली कशी येते ते पाहायचं.

ओटे लागतात ते यासाठी. सूर्य सरकतो, म्हणून घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा आरसा त्याचा उजेड एकाच दिशेनं कॅमेऱ्यात सोडत राहतो. आरसा किंवा कॅमेरा केसभर हलला तरी रेघ पसरट होते, आणि पसरट रेघेची जागा मोजता येत नाही. मऊ जमिनीवर तिपाई रोवून हे जमत नाही. पक्कं बांधकाम हवं.

लॉकयरचा भर होता लोलक-कॅमेऱ्यावर. त्याची करामत पोरांना फार आवडते. नेहमीच्या वर्णपटदर्शकाला अरुंद फट लागते. इथं फटच नाही. भिंगाच्या पुढं मोठा लोलक बसवला की झालं. चंद्र सूर्यबिंब झाकत आणतो आणि कडेला वायूच्या थराची बारीक कोर तेवढी उरते. ती कोरच फटीचं काम करते! काचेवर सरळ रेघांऐवजी कोरींची रांग उमटते. हायड्रोजनची कोर त्याच्या जागी, हेलियमची तिच्या जागी, कॅल्शियमची जांभळ्या टोकाला, आणि प्रत्येक कोरीवर ज्वालांचे उंचवटे जसेच्या तसे. एक क्षण असा येतो की बिंब नाहीसं होताच सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा एकदम उजळतात, कारण मागचा झगझगाट गेला आणि समोरचा वायू आता स्वतःच्या उजेडानं दिसू लागला. किरखॉफचा तर्क आकाशातच सिद्ध होतो. मग कोरी विझतात आणि सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा उजेड उरतो. तो चहूबाजूंनी असतो, म्हणून त्याची रेघ कोर न होता अख्खं कडं होते.

या कड्यांत सर्वांत ठळक हिरवं. ही हिरवी रेघ १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांनी पहिल्यांदा पाहिली होती. तेव्हापासून सगळे तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरून चालले होते. तिथं लोखंडाची एक रेघ आहे. पण लोखंडाच्या बाकीच्या रेघा प्रभामंडलात दिसत नव्हत्या, मग एकटीच का दिसावी? १८९८ च्या ग्रहणात, विजयदुर्ग आणि जेऊरच्या काचांवरून, हा गोंधळ सुटला. लोखंडाची जी ५३१.७ ची रेघ, ती खालच्या वायूची कोर. आणि प्रभामंडलाचं हिरवं कडं तिच्यापासून वेगळं, ५३०.३ वर. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी. पण तीस वर्षं ज्या दोन गोष्टी एक समजल्या गेल्या, त्या काचेवर वेगळ्या झाल्या.

५३०.३ ला मात्र पृथ्वीवरचं एकही मूलद्रव्य बसेना. हेलियमनं वाट दाखवलेलीच होती, म्हणून हेही नवंच मूलद्रव्य मानून त्याला 'कोरोनियम' म्हणत असत. पुढं मूलद्रव्यांची सारणी भरत गेली आणि हलक्या मूलद्रव्यांमध्ये रिकामी जागाच उरली नाही. उत्तर १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून आलं. ती रेघ लोखंडाचीच! फक्त हे लोखंड आपल्या ओळखीचं नव्हतं. त्याच्या अणूतले २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन उडालेले होते. इतके इलेक्ट्रॉन उडवायला दहा लाख अंशांच्या पुढचं तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसचा, आणि त्याच्या वरचं विरळ प्रभामंडल त्याच्या शेकडो पट तापलेलं. असं का, याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. एडलेनचं गणित एका अचूक आकड्यावर उभं होतं, ५३०.३. तो आकडा ५३१.७ च राहिला असता, तर हे कुलूप उघडलंच नसतं. तो दुरुस्त झाला कोकणातल्या आणि सोलापूरकडच्या माळावरच्या काचांवर.

मला मुलांना सांगायचं असतं ते हे. हेलियमचं श्रेय गुंटूरला आणि लंडनला मोकळ्या मनानं द्यावं. आपल्या किल्ल्यावर एक नवा वायू सापडला नाही, पण सूर्याबद्दलचा सगळ्यांत अवघड प्रश्न बरोबर मांडला गेला. चुकीच्या गोष्टीत विजयदुर्ग एका साहेबाच्या पराक्रमाची जागा होतो. खऱ्या गोष्टीत तो जेऊर, तळणी, पुलगावच्या रांगेत बसतो, आणि त्या रांगेत नायगमवाला आहेत, अ‍ॅनी माँडर आहेत, खलाशी आहेत. मला ही रांग जास्त प्रिय आहे.

ती पुढंही चालू राहिली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची वेधशाळा आज भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा भाग आहे. याच संस्थेनं 'आदित्य-एल१' यानासाठी प्रभामंडल पाहणारं मुख्य उपकरण बनवलं. यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. उपकरणात चंद्राचं काम एक चकती करते, तीही सतत, दोन मिनिटांपुरती नाही. त्यात ज्या मोजक्या रेघांचे वेध घेतले जातात, त्यांतली एक आहे ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी.

१८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद व्हावा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी मुलांना जान्सेन, हर्शेल आणि पॉगसन सांगावेत. पण २२ जानेवारीलाही ओट्यांपाशी जमावं. तेव्हा पाऊस नसतो, वाट कोरडी असते, ऊन भरपूर असतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडनं बारीक फट पाडायची, दुसऱ्या बाजूला जुन्या सीडीचा तुकडा तिरका चिकटवायचा आणि पाहायला भोक ठेवायचं. फट सूर्याकडं मुळीच धरायची नाही, उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडं धरायची. फट पुरेशी बारीक असली तर रंगांच्या पट्ट्यात फ्राउनहोफरच्या एक-दोन काळ्या रेघा दिसतात. मग सावलीत स्पिरिटचा दिवा आणि मीठ, की त्याच जागी पिवळी रेघ. सीडीच्या तुकड्यावर सोडियमच्या दोन रेघा वेगळ्या होत नाहीत, एकच दिसते. त्या वेगळ्या करायला काय लागेल, हे मुलांनीच तिथं शोधायचं. पुढचं खग्रास भारतात २० मार्च २०३४ ला, लडाखमध्ये. आज आठवीत असलेली पोरं तोवर कारगिलला स्वतःचं यंत्र घेऊन जाण्याएवढी मोठी झालेली असतील.